खिडकीला आधी दिशा विचारा

डहाणूच्या माणसाला दिशा कळायला होकायंत्र लागत नाही. समुद्र दिसला की पश्चिम. त्याच्याकडे पाठ केली की महालक्ष्मीचा डोंगर, म्हणजे पूर्व. सुरतेकडे जाणारी गाडी उत्तरेची, चर्चगेटची दक्षिणेची. टोरोंटोत हा हिशोब कामाला येत नाही, कारण इथलं पाणी दक्षिणेला आहे. ऑन्टारिओ सरोवर समुद्रासारखंच पैलतीर न दाखवणारं, पण सूर्य त्यात बुडत नाही. हिवाळ्यात तो दिवसभर त्या पाण्यावरून तिरका सरकतो आणि पावणेपाचच्या आत इमारतींमागे गडप होतो. त्यातच शहराच्या रस्त्यांची जाळी खऱ्या उत्तरेपासून सुमारे 17 अंश वळलेली आहे. घरदलाल ज्या खिडकीला ‘वेस्ट फेसिंग’ म्हणतो, ती मुळात नैर्ऋत्येकडे झुकलेली असते. पडदे घ्यायला निघालं की हा दिशांचा घोळ थेट खिशाला लागतो.

इथे नव्या घराचा ताबा मिळतो तेव्हा खिडक्या उघड्याबोडक्या असतात. आणि खिडक्या तरी कसल्या म्हणायच्या? नव्या कॉन्डोत जमिनीपासून छतापर्यंत काचच काच. समोरच्या इमारतीतल्या अनोळखी माणसाला आपल्या वाटीत आज आमटी आहे की कढी हेही कळावं! त्यामुळे बरीच मंडळी पलंग यायच्या आधी पडद्यांच्या मागे लागतात. तोवर काचेवर वर्तमानपत्रं आणि आईने बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादर. गणपतीला मराठी मंडळी जमली आणि त्यात नुकतंच घर घेतलेलं जोडपं असलं, की कर्जाच्या हप्त्यानंतरचा दुसरा विषय ठरलेला: ब्लाइंड्स कुठून घेतले आणि केवढ्याला पडले?

दुकानदार नमुन्यांची जाडजूड वही उघडतो. रोलर, झेब्रा, रोमन, सेल्युलर, व्हेनेशियन, व्हर्टिकल. मग विचारतो, कुठल्या खोलीसाठी? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न खिडकीला विचारायचा असतो: बाई, तुझं तोंड कुणीकडे?

कारण ऊन सगळीकडे सारखं नसतं. डहाणू विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 20 अंशांवर. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कलतो. एरवीही दुपारी तो उंच असतो; दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा असला तरी भागतं. टोरोंटो साडेत्रेचाळीस अंशांच्या वर. इथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. जूनच्या ऐन दुपारी तो क्षितिजापासून सत्तरेक अंश चढतो, डिसेंबरात फक्त तेवीसेक. म्हणजे डिसेंबरातलं दुपारचं ऊन दक्षिणेच्या उंच काचेतून सहज पाच मीटर आत येतं आणि पार मागच्या भिंतीला टेकतं. बाहेर बर्फ पडलेला असेल तर त्यावरून उसळलेला उजेड वेगळाच. थंडी उणे पंधराची, आणि घरात माणूस डोळ्यांवर हात धरून बसलेला! डहाणूत दक्षिणेची खिडकी फारसा त्रास देत नाही. इथे तीच हिवाळ्यातला सगळ्यात मोठा आधार आणि सगळ्यात मोठी तिरीप असते.

दिशा कळली की खोल्यांकडे वळावं. निजायची खोली पूर्वेला असेल तर ब्लॅकआउट कापडाला पर्याय नाही. जूनमध्ये इथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि रात्री नऊपर्यंत मावळत नाही. ‘अजून दिवस आहे’ हा पाच वर्षांच्या मुलाचा युक्तिवाद कुठल्याही आईला खोडता येत नाही, कारण तो खरा असतो. मात्र कापड कितीही गडद असलं तरी रोलर चौकटीच्या आत बसवला की दोन्ही कडांनी उजेडाच्या पट्ट्या येतातच. अंधार हवा असेल तर पडदा चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, दोन्हीकडे थोडा जास्त रुंद लावावा. आत बसवायचाच असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजून सगळ्यात कमी भरलेलं माप द्यावं. खिडकीची चौकट काटकोनात असेलच असं नाही.

दिवाणखाना दुपारच्या उन्हाच्या बाजूला असला तर ब्लॅकआउट नको. तिथे जाळीदार सोलर कापड चांगलं. या कापडावर तीन, पाच, दहा टक्के असे आकडे असतात. कापडात किती भाग उघडा आहे, ते हा आकडा सांगतो. तीन टक्क्यांत तिरीप चांगली अडते, दहा टक्क्यांत सरोवर चांगलं दिसतं. यात एक गंमत आहे. गडद रंगातून बाहेरचं स्पष्ट दिसतं, पण तो ऊन पिऊन स्वतः तापतो. फिका रंग ऊन परत काचेबाहेर टाकतो, पण बाहेरचं दृश्य धुकट करतो. आणि रात्री सगळा खेळ उलटतो: घरात दिवा लागला की दिवसा आडोसा देणाऱ्या याच जाळीतून बाहेरच्याला आत दिसतं. म्हणून बरेच जण एकाच पट्टीवर दोन रोलर लावतात, एक जाळीचा आणि एक बंद कापडाचा. रंगाच्या बाबतीत तर आपलं मत फारसं विचारलंच जात नाही. कित्येक कॉन्डोंच्या नियमांत बाहेरून दिसणारी बाजू पांढरी किंवा तशीच फिकी हवी असं लिहिलेलं असतं. हौसेने आणलेलं वारली चित्रांचं गेरू रंगाचं कापड मग आतल्या बाजूने लावायचं.

स्वयंपाकघराचा विचार दुकानातल्या वहीने आपल्यासाठी केलेला नाही. आपल्याकडे फोडणी पडते. कापडी रोमन पडदा वर्षभरात हिंगमोहरीचा इतिहास सांगू लागतो. तिथे ओल्या फडक्याने पुसता येईल असं काही हवं: विनाइल किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, नाहीतर लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक. खरं लाकूड वाफेने वाकतं, म्हणून न्हाणीघरातही नको. न्हाणीघराची खिडकी रस्त्याकडे असेल तर वरून खाली उघडणारा पडदा घ्यावा. खालचा भाग झाकलेला राहतो आणि वरून उजेड येतो.

दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या थंड काचांना सेल्युलर पडदा. त्याचं कापड आडव्या नळ्यांसारखं जोडलेलं असतं आणि त्या नळ्यांत हवा अडकून राहते. गोधडी ऊब देते तीही थरांत अडकलेल्या हवेमुळेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे, नीट घट्ट बसवलेला सेल्युलर पडदा खिडकीतून बाहेर जाणारी उष्णता 40 टक्के किंवा त्याहून जास्त रोखू शकतो. मात्र पडदा खाली असला की घरातली उबदार हवा काचेपर्यंत पोचत नाही, काच गारठते आणि कुकरच्या वाफेचं पाणी तिच्यावर जमतं. महिनाभर पडदा उचललाच नाही तर चौकटीवर काळी बुरशी धरते. म्हणून सकाळी वर, दिवेलागणीला खाली. दक्षिणेचं ऊन दिवसभर फुकट मिळत असताना ते पडद्याआड ठेवणं हा वेडेपणाच.

त्याच खात्याची आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते: घरांतल्या सुमारे 75 टक्के खिडक्यांचे पडदे रोज एकाच स्थितीत राहतात. म्हणजे हजारो डॉलर मोजायचे, रिमोटवाली मोटर बसवायची, आणि मग हात लावायचा नाही.

घरात लहान मूल असेल तर एका गोष्टीकडे कानाडोळा करू नये. पडद्याची लोंबती दोरी किंवा मण्यांची साखळी मुलाच्या गळ्याला फास बसवू शकते, आणि अशी मुलं दगावलेली आहेत. म्हणून कॅनडाच्या नियमानुसार मुलाच्या हाती लागेल अशी दोरी 22 सेंटिमीटरपेक्षा लांब असता कामा नये आणि तिच्या फाशाचा घेर 44 सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. आयकियाने तर 2016पासूनच इथल्या दुकानांत दोरीचे ब्लाइंड ठेवणं बंद केलं. भारतात मात्र जमिनीपर्यंत लोंबणारी साखळी अजून घरोघर दिसते, आणि रांगणारं मूल तिच्याशी खेळत असतं. साखळी भिंतीला खुंटी मारून ताणून बसवा. मुलाचा पाळणा किंवा पलंग खिडकीखाली ठेवू नका.

टोरोंटोच्या काचेची झळ पाखरांनाही बसते. स्थलांतराच्या दिवसांत रात्रीच्या दिव्यांनी भुलून आणि काचेतल्या झाडांच्या प्रतिबिंबाला फसून ती इमारतींवर आपटतात. त्यांना वाचवण्यासाठी 1993 साली इथे ‘फ्लॅप’ ही संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक पहाटे उंच इमारतींच्या पायथ्याशी फिरून जखमी पक्षी उचलतात. रात्री पडदे ओढा, दिवे मालवा, हे त्यांचं सांगणं आहे. पण दिवसाच्या धडका आतल्या पडद्याने फारशा टळत नाहीत. त्यासाठी काचेच्या बाहेरच्या अंगाला ठिपक्यांची खूण लागते, कारण प्रतिबिंब बाहेरच्याच अंगावर पडतं. 2007 साली महापालिकेने पक्ष्यांसाठी बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

उन्हाचंही पाखरांसारखंच आहे, उपाय काचेच्या बाहेरच हवा. काचेतून ऊन आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला की ती उष्णता घरातच राहते. काच उजेड आत सोडते पण ही ऊब बाहेर जाऊ देत नाही. आतला पडदा उन्हाशी भांडतो ते ऊन घरात शिरल्यानंतर. इथे हिवाळा मोठा, म्हणून हा सौदा परवडतो. डहाणूत तो परवडत नाही.

हे सांगायचं निमित्त माझी भाची. डहाणूत तिचा नवा फ्लॅट तयार होतोय. हॉलला पश्चिमेची मोठी सरकती काच. तिने फोटो पाठवून विचारलं, “मावशी, तुमच्याकडे झेब्रा लावतात ना? मीही तेच लावू का?” मी म्हटलं, “अगं, आमच्याकडे वारा नको असतो, म्हणून ते चालतं.” डहाणूची पश्चिमेची खिडकी म्हणजे दुहेरी मामला. दुपारी तीननंतर ऊन तिथूनच आणि समुद्राचा वाराही तिथूनच. झेब्रा किंवा रोलर खाली ओढला की दोन्ही बंद. मग पंखा, मग एसी, मग बिल. शिवाय खाऱ्या हवेने लोखंडी पट्टी गंजते आणि पावसाळ्यात कापडाला कुबट वास धरतो.

याचं उत्तर तिथल्या जुन्या घरांनी कधीच शोधून ठेवलंय. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतले जुने पारशी-इराणी बंगले आठवा. रुंद व्हरांडा, लाकडी झिलमिलीच्या झडपा, आणि भोवती चिकूची गर्द झाडं. झिलमिली तिरकी केली की ऊन अडतं आणि वारा येतो; हे एकाच वेळी जमवणारा पडदा दुकानात मिळत नाही. ही कुटुंबंही परदेशातूनच आलेली. इराणातून तिथे येऊन त्यांनी तिथल्या उन्हाला शोभेल असं घर बांधलं आणि चिकूच्या बागा लावल्या. परमुलखात घर कसं करावं याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

तलासरीकडच्या वारली पाड्यांवर तर वेगळीच रीत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, खिडकी असली तर बारकी. उजेड कमी, पण उन्हाची झळही कमी. काठ्यांच्या फटींतून वारा खेळतो, चुलीचा धूर निघून जातो. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने याच आतल्या गडद भिंतीवर लिहिला जातो. आता तिथे घरकुलाची सिमेंटची भिंत आणि वर पत्रा आलाय. पक्कं घर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण मेच्या दुपारी त्या पत्र्याखाली बसून बघावं. खिडकीला कापड लावून तो ताप कमी होत नाही.

म्हणून डहाणू-तलासरीत घर बांधणाऱ्यांना, फ्लॅट घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. आमच्याकडची काच आणि आमच्याकडचे पडदे दोन्ही थंड देशासाठी आहेत. फोटो बघून ते उचलू नका. मिस्त्री अजून कामावर असतानाच दक्षिणेला छज्जा मागून घ्या. पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. तिथे बाहेरून झडप किंवा बाल्कनीत बांबूच्या चिकाचा पडदा लावा. जागा असेल तर त्या बाजूचं झाड तोडू देऊ नका. एवढं झाल्यावरही निजायच्या खोलीत अंधार हवा असेल, तर खुशाल रोलर घ्या, साखळी आखूड ठेवा आणि रोज हाताने वर-खाली करा.