वाळूत लिंक आणि आबा

बाईंनी या अंकासाठी 'सुट्टीतला अनुभव' लिहायला सांगितला, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी मिळून एकच लेख द्यायचे ठरवले. कारण अनुभव एकच आहे आणि चूकही दोघांची आहे. बाकीचे बहुतेक सलालावर लिहितील. आम्ही घरापासून दहा मिनिटांवर, बौशरच्या वाळूत गेलो होतो.

पण आधी खेळाबद्दल सांगायला हवे. मुलांना माहीत असेल, हे पालकांसाठी. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा झेल्डा मालिकेतला खेळ निन्टेंडोने २०१७ साली काढला. त्यात लिंक नावाचा मुलगा एका मोठ्या राज्यात हवा तिकडे भटकतो. डोंगर, नदी, बर्फ, वाळवंट, कुठेही. जोरात पळवले की त्याच्याजवळ एक हिरवे वर्तुळ दिसते आणि ते कमी कमी होत जाते. संपायच्या आत थांबलो तर पटकन भरते. पण पूर्ण संपू दिले तर लिंक धापा टाकत रखडतो आणि वर्तुळ पुन्हा भरेपर्यंत काही केल्या पळत नाही. वाळूत आणि बर्फात तर त्याचा वेग आपोआपच कमी होतो. त्यासाठी खास वाळूचे बूट मिळवावे लागतात. घोडा वाळवंटात यायलाच तयार नसतो.

हे सगळे आत कसे चालते ते आम्हाला बाबांनी सांगितले. पडद्यावरचे चित्र दर सेकंदाला साधारण तीस वेळा बदलते आणि प्रत्येक चित्रात लिंक थोडासा पुढे सरकवलेला असतो. किती सरकवायचा, हा नुसता एक आकडा असतो. पळताना मोठा, दबकून चालताना लहान, वाळूत त्याहून वेगळा. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या संगणकांवर 'टर्बो' नावाचे बटण असे. काही जुने खेळ घड्याळ बघतच नसत. संगणक जितका वेगवान, तितका खेळातला माणूस वेडा होऊन धावे. मग ते बटण दाबून संगणक मुद्दाम हळू करायचा. नाव टर्बो आणि काम वेग कमी करायचे! आता खेळ मधे किती वेळ गेला ते मोजतात आणि तेवढेच सरकवतात.

बाबांच्या आवडत्या 'डूम'मध्ये (१९९३) आणखी एक गंमत होती. पुढे जायचे आणि बाजूला सरकायचे बटण एकदम दाबले की माणूस तिरका जास्त जोरात धावायचा. आमच्यातल्या मोठीने ते पायथागोरसने वहीत करून दाखवले. एक पुढे, एक बाजूला, म्हणजे तिरके १.४१. धाकट्याला ते अजून पटलेले नाही.

आता आबा. आबा डिसेंबरात सांगलीहून आले. तिकडे ते रोज सकाळी कृष्णेच्या काठाने गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात. त्यामुळे आबांना चालणे जमते, हे आम्ही धरूनच चाललो होतो. एका संध्याकाळी बाबांनी आम्हा तिघांना वाळूपाशी सोडले आणि ते पेट्रोल भरायला गेले. आबांनी चपला हातात घेतल्या आणि म्हणाले, "चला रे पोरांनो, वर जाऊन बघू."

आम्ही पळालो. वर पोचेपर्यंत पाठीमागे पाहिलेच नाही. काही खेळांत आपल्याबरोबर एक सोबती असतो. त्याचा वेग आपल्याशी जुळवलेला असतो. आपण पळालो की तो पळतो, थांबलो की थांबतो. खरे सांगायचे तर आमच्या मनात तसेच काहीतरी होते. आबा मागेच असणार.

मागे आबा नव्हते.

डिसेंबरात इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. उजेड जात होता आणि पलीकडून चारचाकी बाईकचा आवाज येत होता. त्या बाईकवाल्यांना टेकाच्या पलीकडचे काहीच दिसत नाही, म्हणून टेकाच्या कडेजवळ बसायचे नाही असे बाबांनी शंभरदा बजावले आहे. आम्ही हाका मारल्या. पहिल्यांदा उत्तर आले नाही. मग धाकटा रडायलाच लागला (हे त्याच्या परवानगीने लिहिले आहे).

आबा खालच्या एका टेकामागे बसले होते. शर्ट घामाने भिजला होता आणि दम इतका लागला होता की त्यांना बोलता येईना, नुसता हात वर केला. आबांजवळ हिरवे वर्तुळ दिसत नाही. ते कधी संपत आले, आम्हाला कळलेच नाही.

बाबा आले तेव्हा आबा म्हणाले, "मीच म्हटलं जरा बसू, सूर्यास्त छान दिसतोय." आम्ही गप्प बसलो. बाबा, हे तुम्हाला आज या अंकातच कळते आहे. सॉरी.

नंतर आम्ही शोधून वाचले. १९९८ साली बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी माणसांना वाळूवर चालवून मोजले होते. त्याच वेगाने कडक जमिनीवर चालण्यापेक्षा वाळूवर चालायला दोन ते पावणेतीन पट शक्ती खर्च होते. वाळू पायाखालून सरकते आणि ढकललेले बरेचसे वाया जाते. म्हणजे आबा त्या दिवशी कमी चालले नव्हते. ते आमच्यापेक्षा जास्तच चालले असतील.

पुढच्या शुक्रवारी आम्ही टेकावर चढलोच नाही. कडेकडेने, जिथे वाळू घट्ट आहे तिथून गेलो. आबांना मध्ये ठेवले. मोठी पावले मोजत होती, पन्नास झाली की धाकट्याने काहीतरी विचारायचे, म्हणजे उत्तर द्यायला आबा थांबतील. तिसऱ्या प्रश्नाला आबांना डाव कळला. "काय रे, माझी परीक्षा घेताय का?" म्हणाले, पण थांबले.

जायच्या आदल्या रात्री आबांनी लिंकला चालवून बघायला मागितले. उन्हात तो भाजू नये म्हणून आम्ही त्याला थंडावा देणारे कपडे घालून दिले आणि वाळवंटाच्या तोंडाशी उभा केला. आबा ती दांडी जेमतेम ढकलत होते. थोडी ढकलली की लिंक चालतो, पूर्ण ढकलली की पळतो. आम्ही ती कायम पूर्णच ढकलतो, त्यामुळे लिंक इतका सावकाश चालू शकतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो. जोरात पळायचे बटण आबांनी दाबले नाही. हिरवे वर्तुळ एकदाही दिसले नाही. वाटेत दोनदा त्यांनी "याला पाणी कुठे मिळतं?" असे विचारले. लिंकला तहान लागत नाही, असे सांगितले तर त्यांना ते पटेना. शेवटी काराकारा बाजाराच्या तळ्याकाठी त्यांनी त्याला नीट उभा केला, रिमोट खाली ठेवला आणि आईकडे चहा मागितला.