करंटच्या गिटारीला लाकूड कशाला?

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. संपादकांनी सुधारलं असेल तर त्यांचे आभार!

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या हॉस्टेलवर एक वाद हमखास सुरू होतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडावर अवलंबून असतो की नाही? यंदा तो जरा जास्तच पेटला, कारण माझ्या रूममेटला नवी गिटार घ्यायची होती. बॉडी महोगनीची आणि वर स्प्रूसचा थर, म्हणजे ‘स्प्रूस टॉप’. साध्या मॉडेलपेक्षा बरीच महाग. दुकानदार म्हणाला, “टोन खुलतो, मॅडम.” तिचे बाबा शेतकरी. कापसाच्या पट्टीतले पैसे देऊन तो टोन खुलवायचा होता, म्हणून मी हा विषय मनावर घेतला.

स्प्रूस हे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड. आल्प्समध्ये, अलास्कात होतं. आपल्याकडे हिमाचल-काश्मीरच्या डोंगरात त्याची एक जात आहे. आपल्या बुलढाण्याच्या उन्हात ते टिकायचं नाही! पण साध्या अकूस्टिक गिटारचं तोंड, व्हायोलिनचं तोंड, पियानोचा साउंडबोर्ड बहुतेक वेळा याच लाकडाचा. का? सेकंड इयरचं गणित पुरे. ताठपणाला डेन्सिटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की लाकडातला ध्वनीचा वेग मिळतो. स्प्रूसची डेन्सिटी घनमीटरला ४२० किलोच्या आसपास, रेषांच्या दिशेने यंग्ज मोड्युलस साधारण ११ गिगापास्कल. उत्तर येतं सेकंदाला ५१०० मीटर. स्टीलच्या सळईतही जवळपास एवढाच वेग! फक्त स्टील त्याच्या अठरापटीहून जड. आता सागवान घ्या. डेन्सिटी ६५०, मोड्युलस १२ धरला तर वेग ४३०० येतो. हा वेग पुन्हा डेन्सिटीने भागला की ती फळी हवा किती सहज हलवेल याचा अंदाज येतो. त्यात स्प्रूस सागाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. सागाचा दरवाजा शंभर वर्षं टिकेल, पण गाणार नाही.

इथपर्यंत दुकानदार बरोबर. पण हे सगळं हवा हलवण्याबद्दल झालं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हवा हलवायचं काम स्पीकर करतो. तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. (मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, आमच्या धंद्यात एवढी बारीक तार आम्ही हातातसुद्धा धरत नाही.) वर स्टीलची तार हलली की वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. बिचाऱ्या पिकअपला लाकूड दिसतच नाही. त्याला फक्त तार दिसते.

मग लाकडाला काहीच काम नाही का? आहे, पण आडून. तार ज्या ब्रिजवर टेकते तो ब्रिज जितका हलेल तितकी तारेची शक्ती गळते. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही गिटार काढली. आतून पोकळ, वर स्प्रूसचं तोंड आणि त्यात पिकअप. चार्ली ख्रिश्चन याने १९३९ पासून बेनी गुडमनच्या बँडमध्ये ती वाजवली आणि मागे बसून कॉर्ड धरणारी गिटार एकदम पुढे आली. तिथे स्प्रूस खरंच बोलतो. हलकं तोंड तारेची शक्ती पटकन ओढून घेतं, म्हणून आवाज टणकन उठतो आणि लवकर विरतो. शिवाय पिकअप त्या हलत्या तोंडालाच जोडलेला असतो. पण तेच मोकळं तोंड स्पीकरच्या आवाजानेही हलायला लागतं, ते पुन्हा तारेला हलवतं आणि सुरू होतो फीडबॅक! सप्ताहाच्या मांडवात माईक शिट्टी मारतो ना, तसंच. १९४९ च्या ईएस-१७५ ला याच कंपनीने थर चिकटवलेलं मेपलचं ताठ तोंड दिलं, त्याने हा त्रास कमी झाला. पुढच्याच वर्षी फेंडरची भरीव बॉडीची गिटार बाजारात आली. त्यात हलणारं तोंडच उरलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : पोकळ गिटारमध्ये स्प्रूसला पैसे द्यावेत. भरीव महोगनीवर सेंटिमीटरभर स्प्रूस चिकटवून ‘टोन खुलतो’ म्हणणं मला पटत नाही. चारी बाजूंनी डिंकाने धरलेली फळी काय हलणार? भरीव गिटारमध्ये तार जी काही शक्ती हरवते ती मुख्यतः नेकमध्ये.

फरक पडतो तो वजनात. वरचा थर साधारण एक लिटर लाकडाचा असतो. मेपलऐवजी स्प्रूस लावला की पाव किलोहून थोडं जास्त वाचतं. खांद्याला बरं वाटतं. पण बॉडी हलकी झाली की पट्टा हा आधार धरून मोमेंट घ्या : एका बाजूला बॉडी, दुसऱ्या बाजूला लांब नेक आणि टोकाला सहा ट्यूनर. नेक खाली झुकायला लागते आणि डावा हात वाजवायचं सोडून तिला उचलत बसतो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा एवढा रोकडा उपयोग मला दुसरीकडे दिसला नाही! रूममेटने शेवटी साधं मॉडेल घेतलं. उरलेल्या पैशात अॅम्प्लिफायर.

हे सगळं सुट्टीत घरी सांगत होते, तर आमचे आबा म्हणाले, “माय, तुह्या त्या करंटच्या गिटारीले लाकूड कायले लागते वं?” आबा आमच्या गावचे वीणेकरी. त्यांचा प्रश्न गमतीचा नव्हता. सप्ताहातल्या वीणेची तबली, म्हणजे तोंडाची फळी, उभी चिरली होती. गावातले पोट्टे म्हणत होते, प्लायवूड ठोकू, पिकअप लावू, कर्ण्यातून सगळं सारखंच ऐकू येतं. आबांना ते नको होतं, पण नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

कारण माझ्याकडे होतं. आमच्या वीणेची खर्जाची तार पितळेची. पितळ चुंबकाला दाद देत नाही, म्हणजे गिटारचा पिकअप तिथे मुका. मग चिकटवायचा पिझो लावावा लागेल, आणि पिझो तर तबलीचंच हलणं ऐकतो. तबली मठ्ठ तर आवाज मठ्ठ. शिवाय दिंडीत चालताना करंट कुठून आणणार? आणि सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, या हातातून त्या हातात जाते. आबांचं वय बघता प्रत्येक छटाक मोजायला हवा.

काका आणि मी महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला गेलो. शेगावहून गाडी थेट जाते. सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. शंभर-दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तबलीला तुणाचं लाकूड, सागापेक्षा हलकं. कारागिरांना मी माझा फॉर्म्युला दाखवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, मग फळी कानाशी धरून बोटाने ठोकली, थोडा रंधा मारला, पुन्हा ठोकली. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. एकदा फळी माझ्या कानाशी धरली आणि विचारलं, “आता?” आधीपेक्षा आवाज खाली उतरला होता, एवढं मलाही कळलं.

काही आठवड्यांनी वीणा आणायला पुन्हा गेलो. परतीच्या गाडीत काकांनी ती बर्थवर ठेवूच दिली नाही. पुण्यापर्यंत माझ्या मांडीवर, पुढे काकांच्या. दौंडच्या अंधारात मी हळूच एक तार छेडली, तर तबलीवर ठेवलेला माझा तळहात शहारला. समोरच्या बर्थवरच्या आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, “थांबलीस का? वाजव की.”