सोनकीची ओळख

दसरा-दिवाळीला आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, शेवंती चीनकडची. पण आज त्यांना परके म्हणण्याची कोणाची छाती आहे? पाहुण्यांचे इतके कौतुक करणाऱ्या आपल्याला त्याच गोतातल्या, सह्याद्रीच्या एका माहेरवाशिणीचे नाव मात्र चटकन आठवत नाही. तिचे नाव सोनकी.

तिला भेटायचे तर भाद्रपदात साताऱ्याला जावे. यवतेश्वराचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेले की कासचे पठार लागते. उंची सुमारे १२०० मीटर. खाली जांभा खडक आणि वर मातीचा पातळसा थर. पश्चिम घाटातील ज्या स्थळांची २०१२ साली जागतिक वारशात गणना झाली, त्यांत कासही आहे. पावसाची झड ओसरून ऊन पडले, की इथे सोनकीचे पिवळे ताटवे दिसू लागतात.

आम्ही गेलो तेव्हा वाटेतल्या एका उतारावरही पिवळी शेते डुलत होती. "हीसुद्धा सोनकीच का हो?" सौभाग्यवतींनी विचारले. मी तोंड उघडण्याआधीच गुरांमागून चाललेले एक आजोबा म्हणाले, "न्हाई बाई, ते कारळं. कारळं आमी पेरतो. सोनकी आपली आपणच येती."

वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या माणसालाही अशी व्याख्या सुचणे कठीण! पण शेताच्या बाहेर एखादेच रोप दिसले तर? तेव्हा फुलाच्या तोंडाकडे न पाहता ते हळूच उलटून मानेकडे पाहावे. कारळ्याच्या फुलाखाली पानांसारखी रुंद हिरवी दले असतात, आणि झाडाची खालची पाने समोरासमोर येतात. सोनकीच्या फुलाखाली अरुंद दलांची एकेरी, सारख्या उंचीची ओळ असते, कुंपणाच्या काठ्या ओळीने रोवाव्यात तशी. आणि पाने एकाआड एक. शिवाय ज्याला आपण एक फूल म्हणतो ते मुळी एक नसतेच. मधली गोल चकती म्हणजे इवल्या फुलांची दाटी, आणि भोवतालची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल. एकत्र कुटुंबच म्हणा ना!

शास्त्रज्ञ तिला सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. 'सेनेक्स' म्हणजे लॅटिनमध्ये म्हातारा. या जातकुळीच्या बियांना पांढऱ्या केसांचा झुबका असतो, म्हणून हे नाव. आपली मुले वाऱ्यावर तरंगणाऱ्या अशाच बीला 'म्हातारी' म्हणतात. रोमच्या पंडितांना म्हातारा दिसला, आपल्या मुलांना म्हातारी, नजर एकच.

मला ती घरी वाढवून पाहायची होती. कासवरून काडीही आणू नये, हे उघडच आहे. भोरकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या बांधावरचे मूठभर बी कार्तिकात कागदाच्या पुडीत दिले. ते कोरडे ठेवले आणि पहिल्या पावसात दोन कुंड्यांत भुरभुरले: एकीत शेणखत, दुसरीत मुरूम आणि चिमूटभर माती. शेणखतातली रोपे नुसती लांबट वाढून आडवी झाली. मुरमातली ठेंगणी राहिली, पण ताठ उभी राहून श्रावणाच्या अखेरीस फुलली. फार लाड तिलाही मानवत नाहीत!

दसऱ्याच्या सुमारास फुले उतरली, म्हाताऱ्या उडाल्या, आणि दिवाळीला कुंडीत वाळक्या काड्या उरल्या. सोनकीला खाली कंद नाही, पुढल्या वर्षीसाठी जपलेले खोड नाही. चार महिन्यांचा संसार, आणि मागे उरते ते फक्त बी. गुलाबाचे फूल तोडले तर झाड उरते. फुललेली सोनकी पायाखाली गेली तर तिचा वंशच तिथे थांबतो. छायाचित्रासाठी ताटव्यात चार पावले आत शिरणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो दुष्ट नसतो. त्याची ओळख करून दिलेली नसते, इतकेच.

तेव्हा पुढच्या भाद्रपदात मुलांना घेऊन अवश्य जा. वाटेवरच थांबा, वाटेकडेला झुकलेले एखादे फूल न तोडता अलगद उलटून त्याची मान दाखवा, आणि नाव सांगा. नाव कळलेल्या फुलावर मूल सहसा पाय देत नाही.