आजोबांची दुनळी

बाबांचे तेरावे झाले आणि काकांनी कोठीतल्या कपाटातून आजोबांची दुनळी काढून माझ्या हातात दिली. "आता ही तुझी जबाबदारी," एवढेच म्हणाले. बालाघाटच्या आमच्या घरात त्या बंदुकीला दसऱ्याला हळदकुंकू लागायचे. निवडणूक आली की बाबा ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिच्यातून एकही बार निघाला नाही, असे आई सांगते.

महिनाभरात जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ आले. नळीवरची लाटांसारखी नक्षी पाहून म्हणाले, "दमास्कस आहे! अँटिक माल. अँटिकला लायसन्स लागत नाही. रोख घ्या, कागद कशाला?" रक्कम ऐकून मी गप्पच झालो. मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

"उद्या सांगतो" म्हटले आणि रात्री काकांजवळ बसलो. काका गणिताचे मास्तर होते. त्यांनी आधी 'बारा बोअर' समजावले. हे बारा म्हणजे इंच नव्हे की सूत नव्हे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. एका पौंडात अशा बारा गोळ्या झाल्या, की बंदूक बारा बोअरची. म्हणून सोळा बोअरची नळी बाराहून अरुंद! मी इतकी वर्षे उलटेच समजत होतो.

आमच्याकडे खेड्यात कुठल्याही जुन्या बंदुकीला भरमार म्हणतात. पण भरमार म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची. आमची मधोमध मोडते आणि काडतूस मागून बसते. दमास्कस म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून सांधलेली नळी. देखणी खरी, पण काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचे जोरदार काडतूस घातले तर फुटूही शकते.

राहिला शब्द 'अँटिक'. वकील मित्राने १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ उघडून दाखवले. जुनी असून भागत नाही. दुरुस्त करूनही जी बंदूक म्हणून वापरता येणार नाही, तिलाच सूट. आमच्या दुनळीचे दोन्ही घोडे अजून खटकन पडतात. म्हणजे त्या गृहस्थांना ती विकली असती, तर फी भरली गेली असती आणि मी कोर्टाच्या पायऱ्या चढलो असतो. खरे तर बाबा गेल्यावर लगेचच ती जमा करायला हवी होती. ते कुणाच्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्याच दिवशी काका आणि मी ठाण्यात गेलो. बंदूक जमा केली, वारसा हक्काने माझ्या नावाच्या लायसन्ससाठी अर्ज टाकला. फीसाठी सोसायटीचे कर्ज काढले.

यंदा दसऱ्याला पाटावर पूजेला पाना, पेचकस, माझी स्कूटर आणि ठाण्याची पावती होती. आईने पावतीलाही कुंकू लावले. "जपून ठेव," म्हणाली, "शिक्क्यावर पडू देऊ नकोस म्हणजे झालं."