पलूसच्या ताटातील खाद्य आणि अखाद्य

एखादी वस्तू खाण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्यात जिभेचा आणि पोटाचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा घर, जात, धर्म, वार आणि महिना यांचा असतो. अगदी लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. किळस त्याला नंतर, मोठ्यांचे चेहरे पाहून येते. सांगली जिल्ह्यातील पलूस हा कृष्णाकाठचा, ऊस, द्राक्षे आणि दुभत्या जनावरांचा तालुका. तेथे वाढलेल्या प्रस्तुत लेखकाला हे नियम कोणी समोर बसवून सांगितले नाहीत. जेवता जेवता ते अंगवळणी पडले.

याच तालुक्यात भिलवडीला १९३९ मध्ये चितळे डेअरी सुरू झाली. या दुधाच्या पट्ट्यात म्हैस व्याली की पहिल्या काही दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटतात. चिकात प्रथिने भरपूर असल्याने तो तापवला की विरजणाशिवाय घट्ट होतो. गूळ आणि वेलदोडा घालून केलेला खरवस घरोघरी आवडीने खाल्ला जातो. जगात पुष्कळ ठिकाणी मात्र हाच चीक केवळ वासराचा मानतात.

बटाट्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात ती भारतात रुजली. तरीही एकादशीला हीच चालतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पिकणारे तांदूळ, ज्वारी, गहू वर्ज्य ठरतात. कृष्णाकाठी दिगंबर जैन शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. काटेकोर जैन घरात बटाटा कंदमूळ म्हणून एरवीही चालत नाही, कारण कंद उपटताना असंख्य जीवांची हिंसा होते अशी श्रद्धा आहे. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी बटाटा उपवासाचा पदार्थ, तर दुसऱ्या घरी कायमचा निषिद्ध.

मांसाहाराचे नियम खाणारे आणि न खाणारे अशा सरळ विभागणीत बसत नाहीत. खाणारी घरेसुद्धा सोमवार, गुरुवार, शनिवार आणि श्रावण पाळतात. एरवी मुंडी, वजडी, रक्ती, पाया यांतले काहीच वाया जात नाही. लेखकाचे आजोबा माळकरी होते. त्यांच्यासाठी आत पिठलं-भाकरी होई आणि मटण परसातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजे. एकाच कुटुंबात दोन्ही पंगती नांदत, त्यावरून वाद होत नसे. जत्रेतही देवाला आधी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि म्हसोबासारख्या देवतांना बकरे किंवा कोंबडे देतात.

मात्र हे नियम माणसांना उंच आणि नीच ठरवू लागतात, तेव्हा त्यांचे रूप क्रूर होते. मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले, त्यांच्या वाट्याला तेच मांस ठेवले आणि त्याच कारणाने त्यांना हीन मानले. भुकेच्या दिवसांसाठी मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या केल्या जात. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. पुढे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली आणि पाककृतींच्या पुस्तकांनी वगळलेल्या चुलीला मान दिला. अन्नाची किळस शिकवलेली असते. माणसाची किळसही तशीच शिकवली जाते, आणि ती विसरायला लावणे हे समाजाचे काम आहे.

खाद्य-अखाद्याचा वाद आजही शाळेच्या ताटात पोचतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. ज्याला नको त्याच्यावर सक्ती नसावी आणि ज्याच्या घरी चालते त्याला ते मिळावे, ही पर्यायाची रीत पलूसच्या अनेक घरांनी फार आधीपासून पाळली आहे. सार्वजनिक पंगतीलाही तीच योग्य आहे.