कच्चा टाका

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या बाबांचं टेलरिंगचं दुकान आहे. लहानपणी मला एक कोडं पडायचं. बाबा सफारीला पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घालायचे, गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचे आणि मग ते सगळे टाके उसवून टाकायचे! एवढी मेहनत वाया कशाला?

उत्तर मिळालं ते पुण्यात, आयटी कंपनीत. तेही चांगलंच महागात!

आमच्या टीमकडे खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी बिलिंगचं अ‍ॅप होतं. मी डिझायनर. रंग, आयकॉन, सगळं कसं टकाटक केलं. डेमोला आलेले दुकानदार म्हणाले, 'छान आहे. हिरवा फक्त जरा गडद करा.' मी खूश! हिरवा गडद केला आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कोडिंग उरकलं. त्यापायी आमच्यातल्या एका मुलाने सख्ख्या बहिणीचा साखरपुडा चुकवला. अ‍ॅप दुकानांत गेलं आणि दुकानदारांनी पुन्हा वही काढली. कारण? उधारी लिहायला जागाच नव्हती! कापूस विकल्यावर पैसे देणारा शेतकरी माझ्या देखण्या स्क्रीनवर कुठे बसतच नव्हता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना हे सांगितलं. मशीनवरची मान वर न करता ते म्हणाले, 'अवं, पक्की शिलाई पाह्यली का गिऱ्हाईक भिडेपोटी गप राह्यते. कच्चा टाका दिसला का मंग बोलते, इथं घट्ट होते, तिथं ढिल्लं करा.'

दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर बॉलपेनने चार चौकोन काढले आणि ओळखीच्या कृषी केंद्रात गेले. तिथल्या काकांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं, अर्धे चौकोन खोडले आणि सगळ्यात वर एक मोठ्ठा चौकोन काढला: 'मागची बाकी'. दहा मिनिटं, एक कागद. संपलं!

हे शहाणपण काही एकट्या राजापेठेचं नाही. १९९६ मध्ये पामपायलट बाजारात आला, त्याआधी तो घडवणारा जेफ हॉकिन्स खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन फिरायचा. २००८ मध्ये आलेल्या बाल्सामिकने तर कॉम्प्युटरवरच्या रेघाही मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वाकड्या ठेवल्या, म्हणजे कुणी त्याला तयार माल समजू नये. २००१ च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यामागचं एक तत्त्व सांगतं, गरज उशिरा बदलली तरी तिचं स्वागत करा. कबूल! पण ती कागदावर असतानाच बदलली तर ते स्वागत स्वस्तात पडतं.

आता आमच्याकडे पहिला डेमो कागदावरच होतो. नव्या पोरांना असली वेडीवाकडी चित्रं दाखवायची लाज वाटते. मलाही वाटते, अजून. मग तो चुकलेला साखरपुडा आठवतो आणि मी गुपचूप पेन्सिल पुढे करते.