कूस पालटण्याची वेळ

रुग्णालयांतून सुखरूप घरीं परतलेल्या मनुष्यास कोणी समाचार विचारला, म्हणजे तो प्रथम शस्त्रवैद्याचें नांव सांगतो, मग औषधांची यादी, आणि शेवटीं बिलाचा आंकडा. ज्या बाईनें त्याचें अंग पुसलें, ज्या माणसानें मध्यरात्रीं त्याच्या खालचें मलपात्र काढलें, त्यांचीं नांवें त्याला बहुधा ठाऊकही नसतात. 'मावशी' आणि 'मामा' एवढ्या दोन नात्यांत आपण त्या सबंध वर्गाची बोळवण करतों. अलीकडे त्यांच्याकरितां 'जनरल ड्यूटी असिस्टंट' नांवाचा रीतसर शिक्षणक्रमही निघाला आहे. पण हें काम अंगमेहनतीचें, अर्थात् बिनबुद्धीचें, ही आपली समजूत कांहीं हललेली नाहीं.

2014 सालीं माझ्या सासूबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय अशक्त. त्यामुळें शस्त्रक्रियेपूर्वीं पांच दिवस आणि नंतरचे अकरा, असे सोळा दिवस पुण्यांतील एका रुग्णालयांत काढावे लागले. त्या दिवसांत मीं जें पाहिलें, त्यावरून हें लिहितें आहें.

सासूबाई जुन्या वळणाच्या. मावशींच्या हातून अंग पुसून घेण्यास त्या पहिल्या दिवशीं साफ नाहीं म्हणाल्या. मावशींनीं आग्रह केला नाहीं. "उद्यां पाहूं, आजी," एवढेंच म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. दुसऱ्या दिवशीं सासूबाई कशाबशा राजी झाल्या, तेव्हां मावशींनीं आधीं पडदा ओढला, हात धुतले, पाणी सोसेल इतकेंच कोमट आहे ना, हें स्वतःच्या मनगटावर पाहिलें, आणि एका वेळीं एकच अवयव उघडा करून, बाकीचें अंग चादरीखालीं ठेवून, पुसावयास आरंभ केला. लाज राखून अंग पुसणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. सासूबाईंच्या चेहऱ्यावरील ताण उतरलेला मीं पाहिला, तो औषधानें नव्हे.

हात धुण्याची गोष्ट तर आपल्या घरांत विशेष सांगण्याजोगी. 1847 सालीं व्हिएन्ना येथील सूतिकागृहांत सेमेलवाइस नामक वैद्यानें असें दाखवून दिलें, कीं प्रेतें चिरून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांनीं क्लोरीनच्या पाण्यांत हात धुतले, तर सूतिकाज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें उतरतात. त्याच्या समव्यवसायी मंडळींस तें रुचलें नाहीं, हें निराळें सांगावयास नको. आज जागतिक आरोग्य संघटना साबणानें हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद द्यावे असें सांगते. आणि तेंही रुग्णास शिवण्यापूर्वीं व शिवल्यानंतर, दोन्ही वेळां. आपलें सोवळें जन्मावरून ठरत आलें. रुग्णालयाचें सोवळें दोन खाटांच्या मधल्या त्या एका मिनिटावर ठरतें, आणि मला तें अधिक खरें वाटतें.

आतां कूस पालटण्याविषयीं. जो स्वतः हलूं शकत नाहीं, त्याच्या देहाचा भार माकडहाड, खुबे, टांचा अशा हाडांच्या उंचवट्यांवर सतत पडतो. तेथील बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि कातडी आंतून मरूं लागते. त्या जागेवर लाल डाग दिसला आणि बोटानें दाबून तो पांढरा पडला नाहीं, तर शय्याव्रणाचा आरंभ झाला असें समजावें. म्हणून साधारण दर दोन तासांनीं कूस पालटावयाची. रुग्णास ओढावयाचें नाहीं, दोघांनीं खालची चादर धरून उचलावयाचें. ओढल्यानें कातडी फाटते. चादरीची एक चुणी किंवा विसरलेलें एक बटणही जखमेस पुरे होतें. रात्रीं दोन वाजतां मावशी आल्या, कीं सासूबाई कुरकुरत, "आतां कुठें डोळा लागला होता ग!" त्यावर उत्तर ठरलेलें : "पुन्हां लागेल, आजी. आधीं कूस." सोळा दिवसांत त्यांच्या पाठीवर एकही व्रण उठला नाहीं.

नवव्या दिवशींची हकीकत मात्र वेगळी. भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंनीं सासूबाईंचा पाय दुखतो असें ऐकून तेलाची बाटली काढली आणि मावशींना पोटरी चोळून देण्यास फर्माविलें. मावशींनीं दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून पाहिला. एक सुजलेली आणि गरम होती. "ताई, हा पाय मी चोळणार नाहीं, तुम्हीही चोळूं नका," असें म्हणून त्या तडक सिस्टरकडे गेल्या. नातेवाईक बाईंस राग आला. "चार पैसे मिळत नाहींत म्हणून टाळते," असाही एक शब्द उच्चारला गेला. सायंकाळीं सोनोग्राफी झाली, ती शिरेंत रक्ताची गुठळी दाखवून गेली. अशी गुठळी चोळण्यानें सुटून फुप्फुसांत गेली, तर मनुष्य पाहतां पाहतां दगावतो. लगेच रक्त गोठूं न देणारें औषध सुरू झालें.

मावशींनीं रोगनिदान केलें नाहीं. तो त्यांचा अधिकार नव्हे. सलाईनचा वेग बदलणें, प्राणवायूची चावी फिरविणें, गोळी देणें, यांपैकीं कांहीं त्यांनीं करावयाचें नसतें, आणि नातेवाईकांनीं कितीही गळ घातली तरी त्या करीत नसत. पाहिलें तें ताबडतोब सांगितलें, आणि सांगितलेलें सिस्टरनें ऐकून घेतलें. ऐकून घेणें हेंही तितकेंच महत्त्वाचें. जेथें मावशीचें बोलणें हंसण्यावारी नेतात, तेथें ती दुसऱ्या खेपेस बोलत नाहीं.

रमाबाई रानडे यांनीं 1909 मध्यें पुण्यास सेवासदन काढलें आणि पुढें तेथील विद्यार्थिनींस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण देवविलें, तेव्हां परक्यांचें मलमूत्र काढणें कुलीन बायकांस शोभत नाहीं, अशीच ओरड होती. परिचारिकेस पुढें मान मिळाला. तें मलमूत्र आणि ती ओरड दोन्ही मावशीच्या वांट्यास आलीं.

त्या कक्षांत रात्रपाळीस अठरा खाटा आणि दोन मावशी असत. समजा, त्यांतील दहा जण स्वतः वळूं न शकणारे. एकेका रुग्णास पांच मिनिटें धरलीं आणि दोघी लागणार म्हटलें, तर दर दोन तासांतील पन्नास मिनिटें त्यांतच गेलीं. तेवढ्यांत एखादा म्हातारा घंटा वाजवितो, कोणी येत नाहीं म्हणून स्वतःच खाटेवरून उतरतो आणि पडतो. चौकशी झाली कीं ठपका मावशीवर. खाटांचा आणि माणसांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मावशींनीं माझ्या यजमानांना चादर धरून कूस पालटावयास शिकविलें. घरीं आम्ही वेळा वांटून घेतल्या : रात्रीचे दोन आणि चार त्यांचे, बारा आणि सहा माझे. आठवड्याभरानें एका रात्रीं सासूबाई खाटेची कड धरून आपणच वळल्या, आणि यजमानांना म्हणाल्या, "जा, निज आतां. आणि सकाळीं मावशीला फोन करून सांग, मी वळलें म्हणून."